समर्थकांचा ग्रुप थंड का पडतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सामाजिक संस्थांच्या कारभाराविषयी आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी एकाच विषयावरचे घेतले आहेत: व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर जमलेली माणसं कामाशी कशी जोडून ठेवायची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि संस्थांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची संस्था ग्रामीण मुलींचं वसतिगृह चालवते. देणगीदार, स्वयंसेवक, माजी विद्यार्थिनी मिळून ३८० जण एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. सुप्रभात आणि राजकीय फॉरवर्डचा नुसता पूर. आमच्या पोस्टला पाच-सहा अंगठे मिळतात आणि माणसं गुपचूप बाहेर पडतात. 'फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील' अशी सेटिंग करावी का? (कार्यकर्ती, सातारा जिल्हा)

एवढीच सेटिंग केली तर फॉरवर्ड थांबतील, पण त्यांच्याबरोबर बाकीचं बोलणंही थांबेल. ज्याला उत्तर देता येत नाही अशा ग्रुपला लोक म्यूट करतात आणि मग तुमची तातडीची हाकही कुणी वाचत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. दरमहा हजार रुपये पाठवणाऱ्या निवृत्त गृहस्थांना पैसे कशाला लागले आणि मुलींचं कसं चाललंय एवढं महिन्यातून दोनदा कळलं तरी पुरतं. रविवारी शिकवायला येणाऱ्या तरुणाला उद्याची एसटी किती वाजता आणि खोलीची चावी कुणाकडे, हे हवं असतं. माजी विद्यार्थिनींना एकमेकींशी बोलायचं असतं. तिघांना एकत्र बसवल्यामुळे प्रत्येकासाठी दोन तृतीयांश मजकूर निरुपयोगी ठरतो. सुप्रभात पाठवणाऱ्यांचाही फार दोष नाही. त्यांना संस्थेविषयी आपुलकी आहे, पण ती दाखवायला तुम्ही दुसरं काही हातात दिलेलं नाही.

म्हणून ग्रुप फोडा आणि वर कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकाच छत्राखाली ठेवण्याची सोय, बांधा. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ च्या अखेरीस ती दिली. कम्युनिटीत एक घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. स्त्री-स्वयंसेवकांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण मोठ्या ग्रुपमधून नंबर उचलून नको ते मेसेज पाठवण्याचे प्रकार सर्रास होतात. घोषणांच्या खाली सुरुवातीला दोनच ग्रुप ठेवा: 'शिकवणारे' आणि 'माजी विद्यार्थिनी'. देणगीदारांसाठी वेगळा ग्रुप नको, त्यांना घोषणा पुरतात. पहिल्याच दिवशी सात-आठ ग्रुप काढले की निम्मे रिकामे राहतात आणि रिकामा ग्रुप पाहून माणूस परत येत नाही.

काही जण ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना, पण ज्याला त्याला वेगळा पाठवणारी यादी) वापरा म्हणून सांगतील. तिथे एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. 'आम्ही सगळ्यांना कळवलं होतं' असं संस्था म्हणते आणि 'आम्हाला काहीच आलं नाही' असं लोक म्हणतात, ते बऱ्याचदा यामुळेच. चॅनल हा आणखी निराळा प्रकार. कुणीही फॉलो करू शकतं, नंबर गुप्त राहतो, पण आपल्याला फॉलो करणारं कोण हे संस्थेलाही नीट कळत नाही. प्रसिद्धीसाठी चॅनल ठीक, माणसं जोडायला तो उपयोगी नाही.

बदल करताना ३८० जणांना थेट नव्या ग्रुपात ढकलू नका. आधी जुन्या ग्रुपवर पोल टाका: 'तुम्हाला काय जमेल?' पर्याय चारच ठेवा: शिकवणं, वसतिगृहात येऊन मदत, दरमहा देणगी, फक्त बातमी हवी. चौथा पर्याय आवर्जून द्या. तो नसेल तर संकोचाने लोक मतच देत नाहीत. पाच दिवसांनी ज्याच्या त्याच्या उत्तराप्रमाणे लिंक पाठवा आणि जुना ग्रुप कोणत्या तारखेला बंद होणार ते सांगा. मत न देणाऱ्यांना एकेकट्याला मेसेज करावा लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण हरवलेले निम्मे समर्थक इथेच सापडतात. कुणाचा नंबर बदललेला असतो, तर कुणी फक्त विचारण्याची वाट पाहत असतं.

आता मेसेजविषयी. 'वसतिगृहाला मदतीची नितांत गरज आहे, सढळ हाताने सहकार्य करावे' हे वाक्य वाचून कुणी उठत नाही, कारण उठून काय करायचं ते त्यात नाही. त्याऐवजी 'शिकवणारे' ग्रुपवर असं लिहा:

'दहावीच्या ९ मुलींना गणिताचा सराव हवा आहे. दर रविवारी सकाळी १० ते ११.३०, व्हिडिओ कॉलवर. जून ते ऑगस्ट. दोन शिक्षक हवेत. बीजगणित आणि भूमिती दोन्ही शिकवता यायला हवं. जमत असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच "गणित" असं लिहा. शनिवारी आम्ही फोन करू.'

किती माणसं, कधीपासून कधीपर्यंत, काय यायला हवं, होकार कसा द्यायचा आणि पुढे काय होणार, एवढं त्यात आहे. दोघं मिळाली की लगेच त्याच मेसेजला उत्तर म्हणून 'दोन्ही शिक्षक मिळाले, आता थांबा' असं लिहा. हे राहून जातं. मग तिसरा माणूस चार दिवसांनी उत्साहाने होकार देतो, त्याला कुणी फोन करत नाही आणि तो कायमचा दुरावतो. ऑगस्टच्या शेवटी किती रविवार वर्ग झाले, किती बुडाले आणि का, हे तीन ओळींत कळवा. बुडालेलेही सांगा. सगळं छानच चाललंय असं वर्षभर ऐकणाऱ्या समर्थकाला आपली गरज उरली नाही असंच वाटतं.

नेमकं काम आणि नेमकी तारीख दिली की अनोळखी माणूसही येतो. पाणी फाउंडेशन या संस्थेची, गावांनी जलसंधारणाची कामं करण्याची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढे शहरांतल्या लोकांना 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नावं नोंदवता आली आणि १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला ते गावोगावी पोचले. शहरी माणसाच्या हाती तिथे सुट्टीचा एक ठरलेला दिवस आणि अंगमेहनतीचं एक ठरलेलं काम दिलं होतं. तुमच्या वसतिगृहाचं प्रमाण लहान असलं तरी रीत हीच.

फॉरवर्ड पाठवणाऱ्याला ग्रुपवर सर्वांसमोर बोलू नका. अ‍ॅडमिनने मेसेज काढावा आणि त्या व्यक्तीला खासगीत दोन ओळी लिहाव्यात. अ‍ॅडमिन किमान तिघे हवेत आणि त्यांनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. सगळेच जबाबदार असले की कुणीच उत्तर देत नाही. घोषणा आठवड्याला दोनपेक्षा जास्त नकोत.

प्रश्न : आमच्या फेसबुक पेजला ६,००० लाइक आहेत, पण पोस्ट दोन-तीनशे लोकांपर्यंतच पोचते. पैसे भरून पोस्ट बूस्ट करावी का? शिवाय पेज ज्याने बनवलं तो मुलगा आता संस्थेत नाही. (वाचनालयाचे चिटणीस, मिरज)

आधी दुसऱ्या गोष्टीचं बघा, कारण ती जास्त गंभीर आहे. पेज त्या मुलाच्या व्यक्तिगत खात्यावरून चालतं. त्याचं खातं हॅक झालं किंवा बंद पडलं तर पेज हातचं जाईल. संबंध चांगले आहेत तोवर त्याला सांगून दोन विश्वस्तांना पेजचा पूर्ण अधिकार द्यायला लावा. दोघांच्याही खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि मग त्याचा अधिकार काढा. क्रम उलटा करू नका.

पेजची पोस्ट सगळ्या लाइकवाल्यांना दिसत नाही, फेसबुक ती थोड्यांना दाखवून प्रतिसाद पाहतं. कार्यक्रमाचं पोस्टर, त्यावर प्रमुख पाहुण्यांचे गोल फोटो आणि बारीक अक्षरं यांना प्रतिसाद मिळत नाही. 'मिरजेत लहानपणी तुम्ही पहिलं पुस्तक कुठून आणलं होतं?' या प्रश्नाला मिळेल. आलेल्या प्रत्येक कमेंटला पहिल्या तासाभरात नावानिशी उत्तर द्या.

बूस्ट करायचंच असेल तर लाइकसाठी नको, मेसेज किंवा नावनोंदणीसाठी करा आणि परिसर मिरज-सांगलीपुरता ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे पेजला जोडून फेसबुक ग्रुप काढणं. ग्रुपमध्ये येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायची सोय असते. तिथे विचारा: कुठल्या भागात राहता, वाचनालयाशी काय संबंध, महिन्यातून दोन तास देता येतील का. उत्तरं वहीत किंवा शीटमध्ये लगेच उतरवून घ्या. एकदा मंजुरी दिली की ती पुन्हा शोधणं जिकिरीचं होतं.

प्रश्न : पुराच्या वेळी घाईत आम्ही खजिनदारांचा व्यक्तिगत क्यूआर कोड ग्रुपवर टाकला. रक्कम चांगली जमली, पण आता लोक पावती मागताहेत आणि कुणी किती दिले ते जुळत नाही. पुढे काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

व्यक्तिगत खात्यात एक रुपयाही घेऊ नका, घाई असली तरी. आलेली रक्कम त्या खात्याच्या उताऱ्यासह ताबडतोब संस्थेच्या खात्यात वळवा, ठराव करून नोंद घ्या आणि पावतीचं काय करायचं ते लेखापालांना विचारा. तुमची संस्था नोंदणीकृत आहे असं धरून हे सांगतो. नोंदणी नसलेल्या मंडळांना महाराष्ट्रात वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळांना ही वाट ठाऊक असते, पूरग्रस्तांसाठी जमलेल्या मित्रमंडळींना बहुधा नसते.

हिशेब जुळत नाही याचं कारण साधं आहे. यूपीआयने पैसे आले की उताऱ्यात नाव आणि व्यवहार क्रमांक दिसतो, पत्ता आणि पॅन दिसत नाही. वडिलांच्या खात्यातून मुलगी पैसे भरते आणि पावती स्वतःच्या नावे मागते. म्हणून क्यूआरबरोबर नेहमी एक छोटा फॉर्म द्या: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे. स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, तो बनवता येतो. बँकेच्या उताऱ्याशी पडताळल्यावरच पावती काढा.

देणगीदाराला मिळणाऱ्या ८०जी च्या प्राप्तिकर सवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. देणगीदारांचा तपशील संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी फॉर्ममध्ये भरायचा आणि १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, अशी पद्धत २०२१-२२ पासून आहे. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याची तारीख असल्याने पावतीवरचे कलमांचे आणि या फॉर्मचे क्रमांक तपासून घ्या. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळत नाही. तेव्हा आवाहनाची सुरुवात करसवलतीने करण्यात अर्थ नाही.

दरमहा देणाऱ्यांना यूपीआय ऑटोपे सुचवा. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापण्याआधी सूचना येते. दर महिन्याला ग्रुपवर आठवण करून देण्याची वेळच येत नाही.

आपत्तीच्या काळात खोटे क्यूआर फिरतात. संस्थेचा कोड एकाच ठिकाणी, घोषणांमध्ये पिन करून ठेवा आणि लोकांना सांगा की पैसे पाठवण्याआधी पडद्यावर संस्थेचं पूर्ण नाव दिसतं का ते पाहा, नसेल तर थांबा. आणि देणगीदारांची नावं रकमांसह ग्रुपवर लावू नका. पाचशे देणाऱ्याला पन्नास हजारांच्या खाली आपलं नाव पाहून पुढच्या वेळी द्यावंसं वाटत नाही.

प्रश्न : आम्ही अमेरिका आणि दुबईतले गावकरी एका फेसबुक ग्रुपवर एकत्र आलो आहोत. गावच्या शाळेसाठी एक ट्रस्ट चांगलं काम करतो. ग्रुपवर त्याचा यूपीआय आयडी टाकला तर चालेल ना? (न्यू जर्सी)

तसाच टाकू नका. भारतात परदेशी देणगीचा कायदा (एफसीआरए) देणारा राहतो कुठे हे पाहत नाही, त्याचं नागरिकत्व पाहतो. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला गावकरी आपल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यातून ट्रस्टला देणगी देऊ शकतो. ती परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाची देणगी मात्र परकीय ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे वळवण्याचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. तुमच्या प्रेमापोटी ट्रस्ट अडचणीत येईल.

म्हणून ट्रस्टला आधी विचारा: एफसीआरए आहे का? नसेल तर ग्रुपवर स्पष्ट लिहा, 'फक्त भारतीय पासपोर्टधारकांसाठी', आणि ट्रस्टला प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत ठेवायला सांगा. बाकीच्यांनी वेळ द्यावा. इंग्रजी संभाषणाचा सराव, बारावीनंतरच्या वाटांविषयी बोलणं, प्रकल्प अहवाल तपासणं यात पैशाची देवघेव नाही. भारतात शनिवारी रात्री ८ ही वेळ धरली तर दुबईत संध्याकाळचे साडेसहा आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ किंवा उन्हाळ्यात साडेदहा होतात. तिन्हीकडे माणसं जागी असतात.

प्रश्न : बालगृहातल्या मुलांचे वाढदिवस आम्ही साजरे करतो. देणगीदार फोटो काढून स्वतःच्या फेसबुकवर टाकतात. रोखलं तर दुखावतात. (पुणे)

दुखावले तरी रोखा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. नाव, पत्ता, शाळा, चित्र, काहीही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहऱ्यावर स्माइली चिकटवून भागत नाही. गणवेशावरचा बिल्ला, मागची पाटी, जोडलेलं लोकेशन यांवरूनही मूल ओळखता येतं.

येण्याआधीच देणगीदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर नियम पाठवा आणि दारात फोन ठेवायला टोपली ठेवा. निघताना संस्थेनेच काढलेले दोन फोटो द्या: मुलांनी काढलेली रांगोळी, मांडलेली ताटं, केक कापणारे हात. लोकांना टाकायला काहीतरी हवं असतं. ते दिलं की वाद राहत नाही.

प्रश्न : तालुक्याच्या रक्तदात्यांच्या ग्रुपवर ७०० जण आहेत. 'बी निगेटिव्ह तातडीने हवे' असा मेसेज टाकला की एकदा वीस जण दवाखान्यात पोचतात, एकदा एकही नाही. आणि जुने मेसेज महिनोन् महिने फिरत राहतात. (अहिल्यानगर जिल्हा)

सगळ्यांना एकदम हाक मारणं हेच दोन्हींचं मूळ आहे. प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल, किंवा सगळेच निघतात. ग्रुप नवे दाते मिळवायला ठेवा, गरजेच्या वेळी यादीवरून फोन करा. शीटमध्ये नाव, रक्तगट, गाव, फोन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख असावी. पुरुषांनी ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवस पुन्हा रक्त द्यायचं नसतं, तेव्हा शेवटचा रकाना भरलेला असेल तर अर्धे फोन वाचतात. त्या रक्तगटाच्या, जवळच्या पाच-सहा जणांनाच विचारा. दोघांचा होकार आला की थांबा.

फोनवर दाता मिळाला नाही तरच मेसेज टाका, आणि तो असा: रक्तगट, रक्त हवं की प्लेटलेट, किती पिशव्या, रुग्णालय आणि गाव, आजची तारीख, आणि शेवटी 'हा मेसेज उद्या दुपारी २ पर्यंतच, नंतर पुढे पाठवू नये'. गरज भागल्यावर तुम्ही मूळ मेसेज काढून टाकाल, पण पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. मुदत मेसेजच्या आतच असली तर ती प्रतीबरोबर जाते. रुग्णाच्या नातेवाइकाचा नंबर देऊ नका. रुग्ण घरी गेल्यावरही, किंवा दगावल्यावरही, त्या घरात फोन येत राहतात. संस्थेच्या समन्वयकाचा नंबर द्या. रुग्णाचं नाव आणि आजारही नको. आणि ग्रुपवर कुणी रक्तासाठी पैसे मागितले तर त्याला त्याच क्षणी काढा. रक्ताची विक्री बेकायदा आहे, रक्तपेढी फक्त प्रक्रियाशुल्क घेते.

प्रश्न : वर्षातून किती वेळा देणगी मागावी? (जळगाव)

दोनदा मोठं आवाहन पुरे, आपत्ती सोडून. मात्र दोन मागण्यांच्या मध्ये निदान चार वेळा असं काही कळवा, ज्यात मागणी अजिबात नाही.

प्रश्न : आमच्या पोस्टखाली एकाने लिहिलं, 'पैसे नक्की जातात कुठे?' कमेंट डिलीट करावी का? (नाशिक)

शिवीगाळ असेल तर काढा. हा प्रश्न आहे, तो राहू द्या. काढला तर त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि मग खुलासा करायला तुमची जागाच उरत नाही. चोवीस तासांच्या आत उत्तर द्या, एकाच व्यक्तीने, संस्थेच्या नावाने: गेल्या वर्षी एकूण जमा किती, प्रत्यक्ष कामावर किती, पगार आणि कार्यालयावर किती, आणि लेखापरीक्षण अहवालाची लिंक. पगारावरचा खर्च लपवू नका, चांगली माणसं पगाराशिवाय टिकत नाहीत हे समर्थकांना समजतं. त्याने पुन्हा विचारलं तर कार्यालयात येऊन वह्या पाहायचं निमंत्रण द्या, वार आणि वेळ लिहून. कार्यकर्त्यांना त्या कमेंटवर तुटून पडायला लावू नका. आणि अहवालच तयार नसेल तर आधी तो करून घ्या, उत्तरात तो कधी मिळेल ती तारीख लिहा आणि त्या दिवशी त्याच कमेंटखाली लिंक टाका.